चेटपेटची प्रयोगशाळा

रुग्णाच्या बेडक्यातला क्षयजंतू कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्या औषधाला जुमानत नाही, हे ठरवण्यासाठी १९५६ साली मद्रासच्या चेटपेट भागात एक प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे मुख्य साहित्य होते कोंबडीची अंडी. आज ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. स्थापनेच्या वेळी तिचे नाव ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर होते, पुढे ते ट्युबरक्युलोसिस रिसर्च सेंटर झाले आणि आजचे नाव २०११ मध्ये मिळाले. जुनी माणसे अजूनही तिला ‘टीआरसी’च म्हणतात.

या संस्थेचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक तिने रुग्णांना घरी ठेवून केलेल्या उपचारांच्या प्रयोगापाशी थांबतात. तो प्रयोग मोठा होताच. पण या स्मरणिकेचे बरेचसे वाचक प्रयोगशाळेत उभे राहून काम करणारे आहेत. औषधप्रतिरोधी क्षयरोगाची खात्रीची तपासणी गरीब देशाला परवडेल अशा खर्चात करता येते, हे भारतात या संस्थेच्या प्रयोगशाळेने फार लवकर दाखवून दिले. म्हणून तिची वाटचाल येथे प्रयोगशाळेच्या बाजूने सांगतो आहे.

संस्था का काढावी लागली, ते आधी पाहू. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खरे औषध. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये त्याच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात आनंदाच्या बातमीबरोबर एक धास्तीही होती. रुग्ण आधी सुधारत, मग अनेकांचे जंतू औषधाला सरावत आणि आजार पुन्हा उचल खाई. एकच औषध दिले की जंतू निसटतो, दोन दिली की तो अडकतो, हे पॅस या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर समजले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. ते गुणकारी होते, तोंडाने घ्यायचे होते आणि स्वस्तही होते. भारतासारख्या देशाला एवढे पुरे होते, पण रुग्ण ठेवायचे कुठे हा प्रश्न उरला. १९५५ ते १९५८ या काळात आयसीएमआरने देशभर केलेल्या नमुना सर्वेक्षणात दिसले की क्षय शहरांइतकाच खेड्यांतही आहे. जंतू बाहेर टाकणारे रुग्ण लाखांत होते आणि सॅनेटोरियमच्या खाटा हजारांत. गोळ्या घेऊन रुग्णाला घरी पाठवले तर तो बरा होईल का, घरच्यांना लागण होईल का, आणि अर्धवट औषध घेतल्याने प्रतिरोधी जंतूंचे पीक येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे हवी होती. आयसीएमआर, तत्कालीन मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून पाच वर्षांचा प्रकल्प म्हणून हे केंद्र उघडले. डॉ. वॉलेस फॉक्स पहिली पाच वर्षे जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने त्याचे नेतृत्व करत होते. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये डॉ. डेनिस मिचिसन यांचा जीवाणुशास्त्राचा विभाग होता आणि मद्रासची प्रयोगशाळा सुरुवातीपासून त्याच्याशी जोडलेली होती.

पहिल्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडले. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा घरी. औषधे दोघांना सारखीच होती, आयसोनियाझिड आणि पॅस. घरच्या गटातले लोक मद्रासच्या गरीब वस्त्यांतले होते. सॅनेटोरियमच्या तुलनेत त्यांचे जेवण निकृष्ट होते, विश्रांती कमी आणि घरे दाटीची. केंद्राचे लोक न कळवता घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. १९५९ मध्ये निकाल छापला गेला. वर्षाअखेर सॅनेटोरियमच्या गटात ९२ टक्के आणि घरच्या गटात ८६ टक्के रुग्णांचा आजार जंतूंच्या तपासणीनुसार शांत झालेला होता. घरच्यांना लागण होण्याचा धोका रुग्ण घरी राहिल्याने वाढला नाही, हेही लक्षात आले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९६६ मध्ये त्यावर जो लेख आला, त्याच्या लेखकांत पहिले नाव एस. आर. कामत यांचे आहे. जगभरची सॅनेटोरियमे पुढे बंद पडली, त्याच्या मुळाशी मद्रासचे हे आकडे आहेत.

पण ९२ आणि ८६ हे आकडे आले कुठून? डॉक्टरांनी छाती तपासून ते काढलेले नाहीत, एक्स-रेवरूनही नाहीत. दर महिन्याला प्रत्येक रुग्णाचा बेडका प्रयोगशाळेत यायचा, त्याचे कल्चर लावले जायचे, आणि जंतू उगवला तर त्याची औषधांशी गाठ घातली जायची. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे घरच्या उपचाराने प्रतिरोध वाढतो का हे, फक्त प्रयोगशाळाच देऊ शकत होती. माझ्या मते या संस्थेची खरी कमाई येथे आहे. त्या काळात भारतातल्या बहुतेक दवाखान्यांत कल्चर म्हणजे चैन समजली जाई. मद्रासमध्ये ते रोजचे काम झाले.

लगेच एक मोहाचा प्रश्नही पुढे आला. पॅसचे डोस मोठे, चव वाईट, पोटाला त्रास. आयसोनियाझिड एकटे दिले तर किती स्वस्त पडेल! केंद्राने तेही तपासले. १९६० चा अहवाल स्पष्ट आहे: एकट्या आयसोनियाझिडपेक्षा दोन औषधांचा उपचार सरस ठरला. एकट्या औषधावर ठेवलेल्या ज्या रुग्णांचा आजार हटला नाही, त्यांच्यात प्रतिरोधी जंतू वर आले. १९६४ मध्ये सेल्कन आणि सहकाऱ्यांनी हे प्रतिरोधी जंतू नेमके केव्हा आणि कसे वर येतात याचा तपशील प्रसिद्ध केला. त्या लेखकांत के. जी. कुलकर्णी हे नावही आहे. उपचाराआधीच ज्यांच्या अंगात आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू होते, अशा रुग्णांचे दोन औषधांवरही काय होते, हेही केंद्राने १९६१ मध्ये लिहून ठेवले. निकाल निराशाजनक होता. या लेखाच्या शेवटी मला आयसोनियाझिडकडे परत यायचे आहे, म्हणून वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता ती अंडी. ज्यांनी लोवेनस्टाईन-जेन्सन माध्यम, आपले नेहमीचे एल.जे., स्वतः कधी बनवलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण स्वस्त तपासणीची सगळी शिस्त या एका बाटलीत आहे. अंडी ताजी हवीत, आठवड्याच्या आतली, आणि अँटिबायोटिक घातलेले खाद्य न खाणाऱ्या कोंबड्यांची, नाहीतर क्षयजंतू उगवणारच नाही आणि दोष रुग्णाच्या माथी जाईल. ती साबणाच्या पाण्याने घासायची, धुवायची, स्पिरिटमधून काढायची, मगच फोडायची. फेटलेले अंडे गाळून घेऊन त्यात क्षारांचे निर्जंतुक द्रावण आणि ग्लिसरॉल जाते. मॅलकाइट ग्रीनही जाते, त्याने इतर जंतूंची वाढ दबते आणि माध्यमाला तो ओळखीचा हिरवा रंग येतो. औषध तपासणीच्या बाटल्यांत औषध याच वेळी मिसळायचे. मग छोट्या बाटल्या तिरप्या ठेवून ८५ अंश सेल्सिअसला सुमारे ५० मिनिटे घट्ट करायच्या. तापमान चढले तर माध्यम बुडबुड्यांनी फुटते आणि औषधही जळते. रिफाम्पिसिनचे प्रमाण एल.जे.वर मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम इतके मोठे ठेवतात, तर आयसोनियाझिडचे फक्त ०.२. रिफाम्पिसिनचा बराच भाग उष्णतेत आणि अंड्याच्या प्रथिनांत निकामी होतो, हे त्याचे कारण.

बेडक्यावर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून इतर जंतू मारायचे, गाळ बाटलीत सोडायचा आणि बाटल्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या. दर आठवड्याला बघायचे. क्षयजंतू सावकाश वाढतो. तीन आठवड्यांनी, कधी सहा, कधी आठ आठवड्यांनी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत, फिकट पिवळसर वसाहत दिसते. ती लूपने उचलताना सहज सुटत नाही. मग औषध तपासणी, तिला आणखी ४ ते ६ आठवडे. रुग्णाला उत्तर मिळेपर्यंत ऋतू बदलतो. एल.जे.चा हा दोष खरा आहे आणि तो कोणी लपवलेला नाही. पण या पद्धतीला आयात यंत्र लागत नाही, महागडी पाकिटे लागत नाहीत. लागतात इनक्युबेटर, सेंट्रिफ्यूज, बंदिस्त कॅबिनेट आणि नियमाने काम करणारा माणूस.

अवघड भाग पुढेच आहे. बाटलीत जंतू उगवला म्हणजे तो प्रतिरोधी, असे सरळ म्हणता येत नाही. किती उगवला तर प्रतिरोधी? माध्यमाच्या एका खेपेत औषध थोडे कमी पडले असेल तर? मिचिसन यांच्या पद्धतीत याला तोड अशी होती की रुग्णाच्या जंतूबरोबर त्याच खेपेच्या बाटल्यांवर एच३७आरव्ही हा प्रमाणित जंतू लावायचा आणि दोघांची तुलना करायची. त्यामुळे खेप बिघडली तर ती स्वतःच कबुली देते. १९६३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले जॉर्ज कानेत्ती आणि इतर तज्ज्ञांनी या निरनिराळ्या पद्धतींचे निकष एकत्र मांडले, त्यांत कानेत्तींची प्रमाण पद्धतही होती: औषधाविना उगवलेल्या वसाहतींच्या १ टक्क्याहून जास्त वसाहती औषधाच्या बाटलीत उगवल्या तर तो जंतू प्रतिरोधी. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने पुढे याच पद्धतीचा कमी बाटल्यांत भागणारा काटकसरीचा प्रकार उचलला. वर्षानुवर्षे जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या नमुन्यांवर राज्यांच्या प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ हीच तपासणी करत आले आहेत.

साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या बाकीच्या कामाला मी येथे फार जागा देणार नाही. आठवड्यातून दोनदा, आरोग्य कर्मचाऱ्याच्या समोर औषध देण्याचा प्रयोग १९६४ चा. समोर बसून गोळी देण्याची पुढे जगभर गेलेली रीत तेथून सुरू होते. आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून लवकर आणि काहींच्या उशिरा बाहेर पडते, यावर केंद्राने मूलभूत काम केले. मणक्याच्या आणि मेंदूच्या क्षयावर उपचारांचे प्रयोग झाले. प्रकल्पाची पाच वर्षे कधीच उलटली होती आणि संस्था आयसीएमआरची कायमची झाली होती.

रिफाम्पिसिन आले आणि उपचार दीड वर्षावरून सहा ते आठ महिन्यांवर उतरला. त्याबरोबर एक नवी भीतीही आली. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा जंतू, म्हणजे एमडीआर, हाती आला तर वैद्यकाचे मुख्य हत्यारच जाते. ऐंशीच्या दशकात उत्तर अर्काट जिल्ह्यात आणि पुढे इतरत्र संस्थेने प्रतिरोधाची सर्वेक्षणे सुरू केली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय क्षयरोग संघटना यांनी जगभरच्या प्रतिरोधाची एकाच मापाने नोंद करायची ठरवली. त्यासाठी काही निवडक प्रयोगशाळांचे जाळे उभे केले, मद्रासची प्रयोगशाळा त्यात गेली. या जाळ्यात नाव न सांगता जंतूंचे संच पाठवले जातात आणि आपले उत्तर बाकीच्यांशी ताडले जाते. अंड्याच्या बाटलीवर मद्रासने दिलेला निकाल लंडन किंवा अँटवर्पच्या निकालाशी जुळला पाहिजे, हा कस होता. जुळला म्हणूनच भारताच्या आकड्यांना जगात किंमत मिळाली.

१९९७ मध्ये तमिळनाडूत जे सर्वेक्षण झाले त्यात पूर्वी औषध न घेतलेल्या रुग्णांत एमडीआरचे प्रमाण ३.४ टक्के निघाले. उत्तर अर्काट आणि रायचूर जिल्ह्यांत ते ३ टक्क्यांच्या आत होते. आपल्या वर्धा जिल्ह्यातही असेच सर्वेक्षण झाले आणि त्याचा आकडा जागतिक अहवालात गेला. तो १ टक्क्याहूनही कमी होता. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जिल्ह्याच्या सरासरीत प्रतिरोध कमी दिसतो, पण शहरातल्या एखाद्या वस्तीत तो कितीतरी पट असू शकतो. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने २००९ मध्ये मुंबईतल्या काही वॉर्डांबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या रुग्णांपैकी २४ टक्के एमडीआर आढळले होते. वर्धा आणि मुंबई या दोन्ही ठिकाणचे चित्र कळायचे तर नमुना घेऊन कल्चर लावणे हाच एक मार्ग होता, आणि तो स्वस्त होता म्हणूनच जिल्ह्याजिल्ह्यांत नेता आला.

मात्र वेळेचा प्रश्न सुटलेला नव्हता. तीन महिन्यांनी आलेला निकाल कित्येकदा रुग्ण दगावल्यावर येई. संस्थेत यावर एक धाडसी मार्ग चोखाळला गेला. क्षयजंतूंवर जगणाऱ्या विषाणूत काजव्याचा प्रकाश देणारा जनुक घालायचा. विषाणू जिवंत जंतूत शिरला की जंतू उजळतो, मेलेल्या जंतूत उजेड पडत नाही. औषधात ठेवूनही जंतू उजळत राहिला तर तो प्रतिरोधी, आणि हे काही दिवसांत कळते. मूळ कल्पना न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांची, १९९३ ची. मद्रासच्या प्रयोगशाळेने तिच्यावर बरीच वर्षे काम केले. राष्ट्रीय कार्यक्रमात ती पद्धत आली नाही, पण त्या कामावर खर्च झालेली वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. कमी खर्चात वेग कसा मिळवायचा हा प्रश्न त्यामुळे भारतीय प्रयोगशाळेच्या टेबलावर राहिला.

याच प्रश्नावर पेरूची राजधानी लिमा येथे एक वेगळे उत्तर निघाले. तेथील काएतानो एरेदिया विद्यापीठात मॉड्स नावाची पद्धत घडली. चोवीस खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत पातळ माध्यम घ्यायचे, काही खळग्यांत औषध घालायचे, इतर जंतू मारून घेतलेला बेडका थेट त्यात सोडायचा, ताटली झिपच्या पिशवीत बंद करायची आणि खालून बघणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने रोज तपासायची. क्षयजंतू पातळ माध्यमात दोरखंडासारखे वळत वाढतात, ते डोळ्यांनी ओळखता येतात. २००६ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात मॉड्सने प्रतिरोधाचे उत्तर मध्यमानाने ७ दिवसांत दिले, एल.जे.च्या जुन्या पद्धतीला ६८ दिवस लागले. पिशवी पुन्हा उघडायची नसल्याने तंत्रज्ञालाही धोका कमी. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे मॉड्सला संदर्भ प्रयोगशाळांपुरती मान्यता दिली. भारतात मॉड्सचा प्रसार फारसा झाला नाही, याची मला आजही खंत वाटते. किट संपले म्हणून बंद पडणार नाही, अशी ही पद्धत आहे.

आपल्याकडे वाट बदलली ती जनुकीय तपासणीने. २००८ मध्ये लाइन प्रोब आणि २०१० च्या अखेरीस जीनएक्स्पर्टला जागतिक मान्यता मिळाली. काही आठवड्यांचे काम दोन तासांवर आले. पण यंत्र आणि काडतुसे बाहेरून आणावी लागत, थंड खोली लागे. मग गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट आले: बॅटरीवर चालणारे, चिपवर तपासणी करणारे, तालुक्याच्या प्रयोगशाळेत मावणारे. आयसीएमआरने त्याची पारख केली आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली. मद्रासच्या केंद्राच्या स्थापनेनंतर सहा दशकांनी स्वस्त तपासणीसाठी देशी यंत्र तयार झाले, आणि त्याची पारख करणारी परिषदही तीच, १९५६ साली ते केंद्र उभारणारी.

महाराष्ट्राशी या वाटचालीचा आणखी एक धागा जुळतो. एमडीआर रुग्णांवर सरकारी कार्यक्रमातून उपचार देण्याची सुरुवात २००७ मध्ये दोनच राज्यांत झाली, गुजरात आणि महाराष्ट्र. आपल्याकडचे पहिले केंद्र नागपूरला होते. राज्याच्या प्रयोगशाळेचे निकाल राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळांशी ताडून पाहिल्याशिवाय तिला उपचार ठरवण्याचा अधिकार मिळत नव्हता. अशा संदर्भ प्रयोगशाळांत चेन्नईची, म्हणजे मद्रासचीच, ही संस्था आहे, बंगळूरची राष्ट्रीय क्षयरोग संस्थाही आहे. नागपूरच्या तंत्रज्ञाने उघडलेली बाटली आणि १९५६ साली चेटपेटमध्ये उघडलेली बाटली यांत फारसा फरक नव्हता.

२०१४ ते २०१६ या काळात देशभर प्रतिरोधाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. ४,९५८ रुग्णांचे नमुने तपासले गेले. नव्या रुग्णांत एमडीआर २.८४ टक्के आणि पूर्वी औषध घेतलेल्यांत ११.६२ टक्के आढळला. पण तंत्रज्ञांनी त्यातला दुसरा आकडा पाठ करून ठेवावा: नव्या रुग्णांपैकी ११ टक्क्यांच्या आणि पूर्वी औषध घेतलेल्यांपैकी २५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांचे जंतू आयसोनियाझिडला जुमानत नव्हते. ट्रूनॅटची नेहमीची चिप किंवा जीनएक्स्पर्टचे नेहमीचे काडतूस रिफाम्पिसिनबद्दल सांगते. आयसोनियाझिडबद्दल ते काही बोलत नाही. १९६१ मध्ये मद्रासच्या प्रयोगशाळेने ज्या रुग्णांची चिंता केली होती, ते आजही ‘रिफाम्पिसिनला संवेदनशील’ या शिक्क्याखाली घरी जात आहेत.

म्हणून या स्मरणिकेतून प्रयोगशाळेतल्या सगळ्या सहकाऱ्यांना एक विनंती करतो. यंत्राचा निकाल ‘सेन्सिटिव्ह’ आला म्हणून दुसरा बेडका टाकून देऊ नका. आयसोनियाझिडच्या तपासणीसाठी तो लाइन प्रोबला पाठवा, उपचार लागू पडत नसेल तर कल्चर लावायला सांगा, आणि पाठवताना बाटलीवर रुग्णाचे नाव व तारीख स्वच्छ अक्षरात लिहा.